क्रूझ निवडताना बंदरातले तास आधी मोजावेत

भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ आम्ही दोघे नुकतीच करून आलो. बार्सिलोनाहून निघून मार्सेय, जेनोआ, चिविताव्हेकिया आणि नेपल्स ही बंदरे घेतली. निघण्यापूर्वी जहाजावरच्या सोयींची माहिती मी बारकाईने वाचली होती, पण कोणत्या बंदरात किती तास मिळणार हे नीट पाहिले नव्हते. माझ्या मते निवडीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

वेळापत्रकात ‘रोम’ असे लिहिलेले असले, तरी जहाज लागते ते चिविताव्हेकियाला, आणि तिथून रोम सुमारे ७० किलोमीटर आहे. सकाळी सातला जहाज लागले आणि परत चढण्याची शेवटची वेळ साडेपाचची होती. त्यातून शटल बस, तासाभराची रेल्वे आणि परतीसाठी राखून ठेवलेला वेळ वजा केला, तेव्हा रोममध्ये जेमतेम पाच तास मिळाले. कोलोसियम बाहेरूनच पाहावे लागले. याउलट नेपल्सचा धक्का शहराच्या मध्यभागीच असल्याने तेवढ्याच अवधीत पाँपेई पाहून झाले, शिवाय शहरातल्या गल्ल्यांमधून निवांत हिंडताही आले.

शहरे पाहण्याची ओढ असेल, तर कमी बंदरे आणि जास्त मुक्काम असलेला मार्ग निवडावा, किंवा नदीवरच्या क्रूझचा विचार करावा. ही जहाजे लहान असतात आणि बहुधा गावाजवळच लागतात. विश्रांती हाच हेतू असेल, तर मोठे जहाज आणि समुद्रातच जाणारे दिवस अधिक असलेला मार्ग बरा. बाल्कनीच्या केबिनवर केलेला खर्च अशाच प्रवासात सार्थकी लागतो. आम्ही दिवसभर बाहेर असल्यामुळे आम्हाला आतली, बिनखिडकीची केबिन पुरली. दिवा मालवला की तिथे मिट्ट काळोख होई, म्हणून पहाट झाली का हे पाहायला मी टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचे चित्र लावून ठेवत असे. मात्र आमच्या डोक्यावरच पोहण्याच्या तलावाचा डेक होता आणि रोज भल्या पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येई. केबिन ठरवण्यापूर्वी वरच्या आणि खालच्या डेकचा नकाशा अवश्य पाहावा. बोट लागण्याचा त्रास असल्यास खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली केबिन घ्यावी.

जाहिरातीतले भाडे म्हणजे एकूण खर्च नव्हे. बंदराचे कर, कर्मचाऱ्यांसाठी दर माणशी दर दिवशी लागणारी टिप, इंटरनेट, पेये आणि सहली यांपैकी भाड्यात काय धरले आहे ते विचारावे, उरलेले त्यात मिळवावे आणि बेरजेला रात्रींनी भागून मगच दोन क्रूझची तुलना करावी. एकट्याने जाणाऱ्याला बऱ्याचदा दोघांचे भाडे पडते. पेयांचे पॅकेज अनेकदा एकाच केबिनमधल्या सर्व प्रौढांना घ्यावे लागते, हेही आधी विचारून ठेवावे.

बंदरावर जहाजाची सहल घेतली, तर उशीर झाल्यास जहाज सहसा थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्यांसाठी ते थांबत नाही, म्हणून लांबच्या शहरी जाताना जहाजाच्या वेळेत पोहोचवणाऱ्या शेवटच्या गाडीच्या आधीची परतीची गाडी पकडावी.