आत्या, स्कली आणि येता शुक्रवार

फेब्रुवारीत एका संध्याकाळी बसने घरी येताना विजेच्या खांबाला बांधलेली एक पाटी दिसली. त्यावर बाण आणि बाणाखाली जाड अक्षरांत दोनच शब्द: 'डन वन'. कॅनडातल्या आम्हा व्हँकुव्हरकरांना अशा पाट्यांची सवय असते. इथे बाराही महिने कुठे ना कुठे शूटिंग चालू असतं आणि युनिटच्या लोकांना रस्ता सापडावा म्हणून खांबाखांबांवर पाट्या लावतात. गर्दी होऊ नये म्हणून त्यांवर सिनेमाचं खरं नाव लिहीत नाहीत. पण 'डन वन' म्हणजे 'द एक्स-फाइल्स' या अमेरिकी मालिकेवरचा नवा सिनेमा, हे मला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या थांब्यावर उतरून मी मागे चालत आले आणि पावसात त्या पाटीखाली उभी राहिले. तिथे ट्रक नव्हते, दिवे नव्हते, माणूसही नव्हता. तरी छातीत धडधडत होतं. गूढ प्रकरणांचा तपास करणारे एफबीआयचे ते दोघं, मल्डर आणि स्कली, याच गावात होते, याच पावसात भिजत होते.

आज २० जुलै २००८. शुक्रवारी, २५ तारखेला, 'द एक्स-फाइल्स'चा नवा सिनेमा लागतोय. मालिका २००२च्या मे महिन्यात संपली. आधीचा सिनेमा तर १९९८चा, म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा. मधल्या काळात 'येणार, येणार' असं इतक्यांदा ऐकलं की कान किटले. आता तिकीट पाकिटात आहे, आणि दिवसातून दोनदा ते जागेवर आहे ना ते बघते.

मी ही मालिका पाहिली ती साताऱ्यात, यादोगोपाळ पेठेतल्या आमच्या घरी, आत्याच्या शेजारी बसून. आत्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची आणि रविवारी अंनिसच्या कार्यक्रमांना जायची. दाभोलकरांची शिबिरं तिने कधी चुकवली नाहीत. नारळाच्या शेंडीत सोडियमचा खडा लपवून वर पाणी शिंपडायचं की नारळ पेट घेतो, हे तिने आजूबाजूच्या कितीतरी गावांत करून दाखवलं होतं. जिभेवर जळता कापूरही ठेवायची. मी आठवीत असताना तिने मलाही ठेवायला लावला होता. आधी जीभ नीट ओली करायची, चटका जाणवला की तोंड मिटायचं, बास.

आणि ही बाई दर आठवड्याला रात्री जागून भुताखेतांची, परग्रहवाल्यांची इंग्रजी मालिका बघायची. शेजारच्या काकूंना याचं फार नवल वाटायचं. आत्याला त्यात नवल काहीच वाटत नसे. "ती डॉक्टर बघ," म्हणायची, "आधी मुडदा फाडते, मग बोलते." स्कली तिची होती. मल्डर माझा. तो म्हणायचा ते सगळं मला खरं वाटायचं, आणि प्रत्येक भाग संपला की आमचं पांघरुणात शिरेपर्यंत भांडण चालायचं. आजी आतून ओरडायची, "दिवा घालवा गं!"

पहिल्या पर्वातला 'बियॉन्ड द सी' नावाचा भाग आम्ही पाहिला तेव्हा आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यात स्कली सोफ्यावर झोपलेली असते. जाग येते तर समोरच्या खुर्चीत तिचे वडील. ओठ हलताहेत, आवाज येत नाही. तेवढ्यात फोन वाजतो. पलीकडून आई सांगते, वडील गेले. पुढे फाशीची वाट बघणारा एक कैदी म्हणतो की तुझ्या वडिलांचा निरोप माझ्याकडे आहे. गंमत अशी की या भागात मल्डरचा विश्वास बसत नाही आणि स्कली डळमळते. शेवटी तो निरोप ऐकायला ती जातच नाही. वडील काय म्हणाले असते ते तिला न ऐकताही माहीत असतं.

भाग संपला. मी भांडणाच्या तयारीत होते. आत्या उठली, टीव्ही बंद केला आणि दिवा न लावता परत येऊन बसली. बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मलापण दिसले होते गं. तेराव्याच्या रात्री, त्या कोपऱ्यात. मेंदू करतो तसं, मी शाळेत शिकवते ते. पण दिसले होते."

पुढे ती यावर कधीही काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. दुसऱ्या रविवारी ती पिशवीत नारळ घेऊन कार्यक्रमाला गेली. तिच्या जाण्यात आणि त्या रात्रीच्या बोलण्यात मला तेव्हाही विसंगती वाटली नाही, आजही वाटत नाही. ही मालिका एवढी जीवाभावाची का, असं कुणी विचारलं की मला तो अंधार आणि ती पन्हळ आठवते.

२००५मध्ये मी शिकायला इथे आले. सायमन फ्रेझर विद्यापीठ बर्नबीच्या डोंगरावर आहे. आर्थर एरिक्सनने आखलेला काँक्रीटचा प्रचंड चौक, मधे पाणी, हिवाळ्यात त्यावर उतरलेलं धुकं. पहिल्या आठवड्यात तिथून जाताना पाय थबकले. ही जागा मी पाहिली होती. मालिकेत एफबीआयचं मुख्यालय म्हणून हेच विद्यापीठ दाखवलं होतं! पहिली पाच पर्वं याच भागात चित्रित झाली. पडद्यावर व्हर्जिनिया असो की ओरेगॉन, झाडं ब्रिटिश कोलंबियाची. न्यू मेक्सिकोचं वाळवंट हवं होतं तेव्हा इथल्याच एका खाणीतले दगड लाल रंगवून घेतले होते. सहाव्या पर्वापासून सगळे लॉस एंजेलिसला गेले आणि माझ्या मते तिथून पुढे मालिकेतली ओल गेली. ऊन पडलं. विजेरीचे झोत धुक्यातून जातात तेव्हा जो गारवा अंगावर येतो, तो कॅलिफोर्नियात आणायचा कुठून? नवा सिनेमा पुन्हा इथे, पेंबर्टनच्या बर्फात जाऊन केला, ही माझ्यासाठी सगळ्यात मोठी बातमी आहे. ट्रेलरच्या तुकड्यांमध्ये पाहिलंय ते: पांढऱ्याशुभ्र मैदानात एफबीआयची माणसं ओळीने काठ्या खुपसत चाललीत, आणि पुढे विस्कटलेल्या केसांचा म्हातारा पाद्री. तो नट बिली कॉनॉली. पाद्रीला म्हणे दृष्टान्त होतात.

पटकथा ख्रिस कार्टर आणि फ्रँक स्पॉटनिट्झ यांची, दिग्दर्शन कार्टरचंच. ही स्वतंत्र गोष्ट आहे, परग्रहवाल्यांच्या कटाचा धागा यात पुढे नेलेला नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलंय. माझ्या ओळखीतले बरेच चाहते त्यावरून नाराज आहेत. मालिकेच्या शेवटच्या भागात २२ डिसेंबर २०१२ ही आक्रमणाची तारीख दिली होती, मग चार वर्षं आधी सिनेमा काढून त्याबद्दल अवाक्षर नाही, हे कसं, असं त्यांचं म्हणणं. मला उलट हायसं वाटलं. त्या कटाचा गुंता शेवटी इतका झाला होता की कोण कुणाचा भाऊ आणि कोण मेलं, कोण जिवंत, हे वहीत लिहून ठेवावं लागायचं. मी खरंच ठेवलं होतं, वही साताऱ्याला आहे. माझे सगळे आवडते भाग स्वतंत्र कथांचेच आहेत. एक गाव, एक विचित्र मृत्यू, भाड्याच्या गाडीत दोघं, आणि दोघांचं एकमत नाही.

मला हवंय ते हेच. दोघांनी भांडावं. सहा वर्षांत एकमेकांचं ऐकून मऊ पडले असतील तर मला रडू येईल. स्कलीने अजूनही पुरावा मागावा, मल्डरने अजूनही आधी धावावं आणि मग विचार करावा. आणि एक मागणं आहे. विल्यमचं, दत्तक दिलेल्या त्यांच्या मुलाचं नाव कुणीतरी एकदा घ्यावं. एक वाक्य पुरे. आईबाप म्हणून ती दोघं ते विसरलेली दाखवली तर मी कार्टरला माफ करणार नाही. मालिकेचा संगीतकार मार्क स्नो याच्या शीर्षकसंगीतातली ती शीळही हवी. असं सांगतात की तिचा घुमारा त्याला कीबोर्डवर कोपर टेकल्यामुळे, चुकून सापडला.

काळजी एकच. नवा बॅटमॅन परवाच्या शुक्रवारी लागलाय आणि थिएटरबाहेर रांगा आहेत. त्या गर्दीत आमच्या सिनेमाकडे कोण बघणार? आठवड्यात उतरवला तर? म्हणून पहिल्याच रात्रीचं तिकीट काढलंय, आणि शनिवारी पुन्हा जाणार आहे.

काल रात्री साडेआठला आत्याला फोन लावला. तिकडे सकाळचे नऊ. चहा झाला होता, पाऊस सुरू होता, अजिंक्यतारा दिसत नव्हता. तिला सिनेमाचं नाव सांगितलं, 'आय वॉन्ट टू बिलीव्ह'. मल्डरच्या तळघरातल्या ऑफिसात उडत्या तबकडीचं पोस्टर होतं, त्यावरचीच ही अक्षरं. आत्या म्हणाली, "विश्वास ठेवायचाय. म्हणजे अजून ठेवलेला नाही. चांगलंय, मला चालेल."

साताऱ्यात हा कधी लागेल, लागेल की नाही, कुणास ठाऊक. सीडी आली की पाठवते म्हटलं. तोवर गोष्ट सांगू का, असंही विचारलं.

"नको, गोष्ट नको सांगूस," ती म्हणाली. "ती अजून डॉक्टर आहे ना, तेवढं बघून ये. आणि रात्रीची एकटी परत येऊ नकोस, कुणाला तरी बरोबर घे."