पडलं की पाडलं

मी पुण्यात घरूनच स्पॅनिश ट्रान्सलेशन करते, पंधरा वर्षं होऊन गेली. रोजचं काम म्हणजे मशीनची मॅन्युअल्स, औषधांच्या खोक्यातली पत्रकं, कंपन्यांचे करारनामे. त्यामुळे मागच्या पावसाळ्यात इंग्लंडच्या एका क्लायंटकडून ती एक्सेल शीट आली तेव्हा मला वाटलं चुकून माझ्याकडे आलीय. विषय काय, तर दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश लढाऊ जेट्सनी हवेत पाडलेली विमानं. प्रत्येक ओळीत तारीख, विमान, पायलट आणि शेवटचा कॉलम, कुणी पाडलं. इंग्लिश बाजू त्यांनी आधीच भरून ठेवली होती, मी फक्त अर्जेंटिनाकडचा स्पॅनिश मजकूर वाचायचा आणि जुळतंय का ते बघायचं, जुळलं तर ओके, नाही तर नोट.

जवळजवळ सगळी यादी एकाच युद्धाची निघाली, फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिनात झालेलं 1982 चं युद्ध. कोरियातली 9 ऑगस्ट 1952 ची गोष्ट मला माहीत होती, एचएमएस ओशन या ब्रिटिश जहाजावरच्या सी फ्युरींनी शत्रूचं मिग-15 जेट पाडलं, श्रेय कार्मायकल या पायलटला मिळालं आणि खूप वर्षांनी त्याच फॉर्मेशनमधला एलिस म्हणाला की ते माझ्या गोळ्यांनी पडलं. पण सी फ्युरी पंख्याचं विमान, जेट नव्हे, म्हणून ते यादीत नाही. इथे सगळीकडे ब्रिटिश नेव्हीचं जेट, सी हॅरियर, सी हॅरियर. आणि त्यातल्या निम्म्याअधिक ओळींपुढे जहाजाचं नाव हर्मिस.

आता हर्मिस म्हणजे आमच्या घरातलं जहाज. माझे बाबा मुंबईला नेव्हल डॉकयार्डात फिटर होते आणि 1987 ला हीच हर्मिस आपल्या नेव्हीत विराट म्हणून आली, तिच्या रिफिटवर बाबांनी किती रात्रपाळ्या काढल्या त्याला हिशोब नाही. शाळेत असताना आम्हाला ती आतून बघायला मिळाली होती, डेकच्या पुढच्या टोकाला तो वर चढणारा रॅम्प, त्यावरून हॅरियर उडायची. 2020 मध्ये ती तोडायला अलंगला नेली तेव्हा बाबा दोन दिवस नीट जेवले नव्हते. सांगायचं कारण हे की शीटवर ते नाव बघून मी खूश झाले आणि सकाळी भराभर ओके ओके करत सुटले, आपल्या जहाजाचा स्कोअर असल्यासारखं.

दुपारी चहा घेऊन परत वाचायला बसले आणि तीन ओळींवर अडकले.

पहिली ओळ 1 मे ची. अर्जेंटिनाचा कॅप्टन गार्सिया कुएर्वा आणि त्याचा जोडीदार पेरोना, दोघं मिराज जेटमध्ये, अर्जेंटिनातल्या रिओ गालेगोसहून आलेले. समोर इन्व्हिन्सिबल या दुसऱ्या ब्रिटिश जहाजावरची दोन सी हॅरियर, बार्टन आणि थॉमस. बार्टनच्या साइडवाइंडर मिसाइलने पेरोनाचं विमान गेलं, तो बाहेर उडी मारून वाचला, यात कुणाचंच दुमत नाही. थॉमसने गार्सिया कुएर्वावर मिसाइल सोडलं ते विमानामागे जाताना त्याला दिसलं आणि मग दोन्ही ढगात गेली, पुढचं त्याला दिसलंच नाही. पुढचं सगळं स्पॅनिशमध्ये आहे. मिसाइल जवळ फुटलं, विमानाला मार बसला, इंधन गळायला लागलं. त्या मिराजना हवेत इंधन भरता येत नव्हतं आणि घर साधारण 800 किलोमीटर लांब. म्हणून त्याने ठरवलं पुएर्तो आर्खेंतिनोला उतरायचं, म्हणजे इंग्लिशमध्ये जे स्टॅन्ली, फॉकलंडची राजधानी, तेव्हा अर्जेंटिनाच्या ताब्यात. धावपट्टी जेमतेम सव्वा किलोमीटर. विमान हलकं करायला त्याने खाली लटकवलेलं सामान सोडून दिलं आणि खालच्या तोफांवरची माणसं, जी त्या पहाटेपासून आधी ब्रिटिश व्हल्कन बॉम्बरचे मग हॅरियरचे बॉम्ब खाऊन बसली होती, त्यांना वाटलं हा पण बॉम्बच टाकतोय. स्वतःच्याच लोकांनी त्याला पाडलं. तो गेला.

आणि माझ्यासमोरच्या कॉलममध्ये लिहिलेलं, सी हॅरियर. पुढे मी सकाळी टाकलेलं ओके.

दुसरी ओळ 21 मे, अर्जेंटिनाच्या नेव्हीची तीन स्कायहॉक जेट्स, आर्डेंट या ब्रिटिश युद्धनौकेवर बॉम्ब टाकून परत चाललेली, हर्मिसवरच्या दोन हॅरियरनी गाठली. फिलिप्पी उडी मारून वाचला, मार्केस जागीच गेला, तिसरा आर्का. त्याच्या विमानाला 30 मिलिमीटर तोफेच्या गोळ्या लागल्या तरी तो ते उडवत स्टॅन्लीपर्यंत घेऊन गेला, पण चाकं नीट उतरेनात, तेव्हा समुद्रावर त्याने इजेक्ट केलं आणि आर्मीच्या हेलिकॉप्टरने त्याला पाण्यातून काढलं. विमान मात्र पायलटशिवाय उडतच राहिलं, शेवटी खालच्या त्यांच्याच तोफांनी ते पाडलं. तिसरी ओळ 23 मे, अर्जेंटिनाचं प्युमा हेलिकॉप्टर, दारूगोळा भरलेलं. हर्मिसवरचा मॉर्गन त्याच्या अगदी डोक्यावरून गेला आणि हेलिकॉप्टर टेकडीवर आदळलं. जेटमागच्या हवेच्या लोटाने की चुकवायच्या नादात, पण मॉर्गनने एकही गोळी झाडलेली नव्हती. क्रू बाहेर पळाला आणि मग ते फुटलं. तरी यादीत तेही, सी हॅरियर. सी हॅरियरने एकूण किती पाडली याचा आकडा कुठे 20, कुठे 21, कुठे 23 असा का दिसतो ते मला त्या खुर्चीत बसून कळलं, असल्या ओळी कोण धरतं आणि कोण सोडतं त्यावर.

स्पॅनिशमध्ये देर्रिबादो म्हणजे पाडलेलं. आणि काइदो म्हणजे पडलेलं, पण युद्धात मेलेल्या माणसालाही ते काइदोच म्हणतात, जसं आपण पानिपतावर पडले म्हणतो. इंग्लिशमध्ये लिहिताना मला हे कधी जाणवलं नव्हतं, पण मनात मराठीत वाक्य जुळवायला गेले आणि लक्षात आलं की इथे फक्त एका कान्याचा फरक आहे. विमान पडलं. विमान पाडलं. तो काना कुणाच्या नावावर टाकायचा एवढाच सगळा वाद आणि मी सकाळी तो तीन वेळा न वाचता टाकून मोकळी झाले होते.

बाबांना डोंबिवलीला फोन लावला. म्हटलं बाबा, तुम्ही जॉब कार्डवर काय लिहायचात, समजा पंप आधीच क्रॅक होता आणि तुम्ही काढताना तो तुटला, तर? ते म्हणाले, "अगं दोन्ही लिहायचं. क्रॅक कुठे होता ते वेगळं, तुटला कधी ते वेगळं. एकच लिहिलं तर पुढच्या पाळीवाला चुकीचा पार्ट मागवतो." मग विचारलं कशाबद्दल चाललंय आणि मी सगळं सांगितलं, तिन्ही ओळी. हर्मिसच्या वाट्याच्या दोन कमी होतील म्हटल्यावर वाटलं होतं त्यांना लागेल. ते म्हणाले, "जहाजाला काय कमी-जास्त, तू त्या पोराचं नीट लिही." पोरगं म्हणजे गार्सिया कुएर्वा.

मी शीटमध्ये एक कॉलम वाढवला. आधीच्यात पहिला मार कुणाचा, नव्यात शेवट कसा झाला. संध्याकाळी क्लायंटचा कॉल आला, त्यांचं म्हणणं छापताना एकाच नावाला जागा आहे आणि हॅरियरची गोळी लागली नसती तर आर्का घरी गेला असता, मग श्रेय हॅरियरचंच. हे चूक नाहीये, मी तेही मान्य केलं. पण गार्सिया कुएर्वाच्या ओळीत नुसतं सी हॅरियर लिहिलं तर ज्यांनी ट्रिगर दाबला आणि नंतर कळल्यावर ज्यांना आयुष्यभर ते घेऊन जगावं लागलं असेल ती माणसं पुसली जातात, आणि जखमी विमान घेऊन आपल्या लोकांकडे उतरायला निघालेला माणूसही पुसला जातो, त्याच्या जागी राहतो फक्त एक स्कोअर. आणि प्युमाच्या ओळीत पाडलं लिहायला मी अजिबात तयार नाही, गोळी नाही तर ते नाही, फार तर हॅरियरमुळे पडलं लिहा म्हटलं. चाळीस मिनिटं बोलत होतो. शेवटी त्यांनी नवा कॉलम ठेवला, अक्षर बारीक करून.

रात्री साडेनऊला फाइल पाठवली आणि बाबांचाच फोन आला, त्या पोराचं काय लिहिलंस वाच म्हणून. वाचलं, मराठीत करून. सी हॅरियरच्या मिसाइलने जखमी, उतरताना स्वतःच्या तोफांनी पाडलं, पायलट मृत.

"आणि तो पाण्यातला?"

"वाचला बाबा. हेलिकॉप्टरने काढला."

"बरं," म्हणाले, "चल, जेवून घे आता."