आमची वाटचाल: खारं पाणी आणि बावीस कुंड्या

2008 च्या दसऱ्याला ठाण्यात, चरईतल्या नऊ बाय बाराच्या गाळ्यात आम्ही झेंडूची रोपं मांडून बसलो. गाळा आतेभावाचा, त्याचं झेरॉक्सचं दुकान नुकतंच बसलं होतं. दसऱ्याच्या सकाळी झेंडूची रोपं घेतं कोण? लोक शेजारच्या हातगाडीवरून फुलं घेऊन जात होते. संध्याकाळी गल्ल्यात 40 रुपये, तेही पुदिन्याच्या एका कुंडीचे. आतेभाऊ म्हणाला, "झेरॉक्स बरं होतं रे."

ती कुंडी नेणाऱ्या काकू नौपाड्याच्या. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या, बोलायला फटकळ. तिसऱ्या मजल्यावर दक्षिणेची छोटी बाल्कनी आणि तिच्यात पुढे बावीस कुंड्या झाल्या. पानओवा, गवती चहा, मेथीचे ट्रे, ग्रिलला चढवलेला मायाळू, कोपऱ्यात मोगरा. घोडबंदर रोडवरच्या मोठाल्या गॅलऱ्यांत मी पुष्कळ कामं केली, पण इंच न् इंच वापरलेली तशी जागा पाहिली नाही.

हत्यारांचं सांगतो. माझं खुरपं मुरबाडजवळच्या म्हसाच्या जत्रेतलं. पातं दोनदा बदललं, मूठ तीच. खुरप्यावर पैसे वाचवा हवे तर, सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री, मात्र स्वस्त घेऊ नका. पातं बोथट झालं की ते फांदी कापत नाही, चिरडतं, आणि चिरडलेल्या टोकापासून मोगरा खाली सुकत येतो.

पहिली काही वर्षं रडतखडत गेली, मग जम बसला. घरोघरी जाऊन कुंड्या भरून द्यायच्या, महिन्यातून एकदा देखभाल. सोसायट्यांचे सेक्रेटरी वजनावरून ओरडायचे, आणि त्यांचं चुकत नव्हतं. बारा इंची कुंडी नुसत्या लाल मातीने भरून पाणी दिलं की एकट्याला उचलवत नाही. म्हणून आम्ही मिश्रण बदललं: कोकोपीट (नारळाच्या सोडणांचा भुसा) दोन भाग, लाल माती एक, गांडूळखत एक, वर मूठभर नीमपेंड. इथवर शहाणपणा.

2014 च्या ऑक्टोबरमध्ये मी विटेमागे तीस रुपये वाचवायला गेलो. कोकोपीट पोल्लाचीकडून येतं, पाच किलोची दाबलेली वीट. आमचा नेहमीचा माल धुतलेला असायचा. नवा व्यापारी भिवंडीतल्या गोदामातून द्यायचा, म्हणाला, "तेच आहे, शेठ." मी पावती पाहिली, माल पाहिला नाही. हिवाळी भाज्यांचा हंगाम तोंडावर, त्या पंधरवड्यात चौसष्ट बाल्कन्या भरल्या.

दहाव्या दिवसापासून फोन. मेथी उगवते आणि पिवळी पडते. टोमॅटोच्या पानांच्या कडा जळाल्यासारख्या. मी आधी पाण्याला दोष दिला, मग उन्हाला, मग कबुतरांना. एका गिऱ्हाइकाला तर सांगितलं की तुम्ही पाणी कमी घालता. त्याची लाज अजून वाटते.

काकूंकडे गेलो तर त्यांनी कुंडीखालची ताटली पुढे केली. त्यात निथळलेलं तपकिरी पाणी. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. "अहो, हे खारट आहे. तुम्ही चाखलंत का?"

नव्हतं चाखलं. खालच्या मजल्यावर पाण्याचा फिल्टर दुरुस्त करणारा आला होता, त्याची टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायची, पेन्सिल मागून आणली. नळाच्या पाण्याचा आकडा शंभराच्या आत, ताटलीतल्या पाण्याचा दोन हजारांच्या वर. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवली की मीठ त्या धाग्यात बसतं. साध्या पाण्याने बरंच जातं, सगळं जात नाही. सोडियम सुटायला कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून पुन्हा धुवावं लागतं. हे काकूंनी मला वहीत लिहून दिलं, समीकरणासकट.

चौसष्ट घरांतल्या कुंड्या उपसून पुन्हा भरल्या, फुकट. आतेभावाने त्या महिन्यात भागीदारी सोडली, भांडण न करता. त्याचं चुकलं असं म्हणवत नाही.

पण खरा राग त्याच्यावर नाही. स्टेशनकडे तेव्हाच एक नवा गाळा उघडला होता. त्याच्या मालकाने माझ्याच गिऱ्हाइकांच्या इमारतींत पत्रकं वाटली: 'खाऱ्या कोकोपीटला फसलात? आमच्याकडे या.' सोळा घरं तिकडे गेली. आणि भिवंडीचा तोच टेम्पो, तोच ड्रायव्हर, माझ्याकडून परत घेतलेल्या विटा त्याच्या दारात उतरवताना मी स्वतः पाहिला. त्याचीही रोपं जळाली असणार. बोभाटा झाला नाही, कारण त्याच्या गिऱ्हाइकांत चाखून पाहणारं कोणी नव्हतं. आजही तो भेटला की हसतो. मी हसत नाही.

नंतरची वर्षं बरी गेली. लॉकडाउनमध्ये सगळ्या ठाण्याला कोथिंबीर लावायची होती.

त्यावरून आठवलं. धणे अख्खे पेरू नका, लाटण्याने हलके रगडून दोन दल करा. एप्रिल-मेमध्ये तर लावूच नका, पानं धरायच्या आत फुलावर येते. उत्तरेच्या बाल्कनीत टोमॅटो मागू नका. आपल्याकडे सूर्य उत्तरेला सरकतो तो मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, आणि त्यातले बहुतेक दिवस ढगच असतात. तिथे पुदिना लावा. आणि महागाचं बेझिल मागणाऱ्यांनो, फालुद्यातला सब्जा ओल्या मातीवर भुरभुरा. जात तीच, वासात थोडा फरक.

काकू तीन वर्षांपूर्वी मुलाकडे पुण्याला गेल्या. बावीसच्या बावीस कुंड्या माझ्याकडे ठेवून गेल्या आणि एकही विकायची नाही असं बजावलं. डिसेंबरात फोन येतो: मोगरा छाटला का, पाणी तोडलं का? छाटतो. पानओव्याच्या फांद्या मात्र मी मागेल त्याला फुकट देतो, त्याला त्यांची हरकत नाही. यायचं तर सकाळी दहाच्या आत या. नंतर मी मागे निळ्या ड्रमांपाशी असतो, विटा धूत. पेन्सिल आता स्वतःची आहे, पण बोटही लावून बघतो.