एजंट न घेता घर विकलं, त्याबद्दल

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आई गेल्यावर, 2023 साली आम्ही दोघी बहिणींनी तिचा कोथरूडमधला फ्लॅट एजंटशिवाय विकला. तेव्हापासून ओळखीत कुणी घर विकायला काढलं की मला फोन येतो, ‘एजंट न घेता जमतं का हो? फसायला होत नाही?’

जमतं. पण एजंट नकोच, असं काही आम्ही आधीपासून ठरवलं नव्हतं. दोघांना बोलावून घर दाखवलं होतं. दोघेही 2 टक्के मागत होते, आमच्याकडून आणि घेणाऱ्याकडूनही. फ्लॅट शेवटी 78 लाखांना गेला, त्यावर हे आमच्या वाट्याचे 1 लाख 56 हजार झाले असते. तेही दिले असते. पण बेडरूमची पश्चिमेकडची भिंत पावसाळ्यात ओल धरते. ती बघून पहिला म्हणाला, “ताई, पार्टी आणायच्या आत रंगाचा एक हात मारून घ्या.” दुसऱ्यानं खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, “चेकनं किती, कॅश किती?” घरजमिनीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घ्यायला 2015 पासून बंदी आहे. आईनं शाळेत शिकवून, हप्ते फेडून घेतलेलं घर. ते असं विकायचं नव्हतं. धाकटीला नागपूरला फोन केला. ती म्हणाली, “आपणच विकू.”

सगळे एजंट असे नसतात. मला भाड्याचं घर शोधून देणारा माणूस अतिशय सरळ होता, आजही त्याचं नाव मी चार जणांना सांगते.

पण ‘आपणच विकू’ म्हटलं की आधी जाहिरात नाही, आधी कागद. आईनं नॉमिनी म्हणून माझं नाव दिलं होतं आणि सोसायटीनं शेअर सर्टिफिकेटवर ते चढवलंही होतं. त्यामुळे घर माझं झालं, असं शेजारीपाजारी सगळे धरून चालले होते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बाबा आधीच गेलेले, मृत्युपत्र नाही, तेव्हा वारस आम्ही दोघी आणि खरेदीखतावर सह्याही दोघींच्या लागणार. हे आमच्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केलं. त्यांनी 25 हजार घेतले. 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (म्हणजे घराच्या आधीच्या नोंदींची तपासणी), विसार पावती, खरेदीखताचा मसुदा, सगळं त्यात आलं. एजंटचे पैसे वाचवा, वकिलाचे वाचवू नका, एवढं मी हात जोडून सांगते.

1991 चा मूळ करारनामा आईच्या गोदरेजच्या कपाटात सापडला. त्याला नोंदणीची पावती टाचलेली होती. टाचणी गंजून तिचा तांबूस ठसा तीन पानांपर्यंत उतरला होता, पण पावती शाबूत होती. घेणाऱ्यांच्या बँकेनं सगळ्यात आधी तीच मागितली. बँकेला सोसायटीची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्रही हवं होतं. ती द्यायच्या वेळी कमिटीतून ‘बिल्डिंग फंडाला 1 लाख’ अशी मागणी आली. महापालिका हद्दीत ट्रान्स्फर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ते पैसे, 25 हजारांच्या वर घेता येत नाही, देणगीच्या नावाखालीही नाही. 2001 चं शासनाचं परिपत्रक त्याबद्दलच आहे. त्याची प्रत मी सेक्रेटरींच्या हातात ठेवली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि आठवड्यात एनओसी मिळाली.

मग किराणा दुकानात कागद लावला, आसपासच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकलं. पहिले दहाबारा दिवस फोन बहुतेक एजंटांचेच, ‘मॅडम, पार्टी रेडी आहे’. अखेर मागच्याच गल्लीत भाड्यानं राहणारं जोडपं आलं, सोबत नवऱ्याचे वडील. जुलै होता. मी त्यांना आधी तीच भिंत दाखवली. काकांनी तळहात टेकवला, तसाच थोडा वेळ ठेवला आणि विचारलं, “पाइपची गळती की बाहेरचा गिलावा?” गिलावा, मी म्हटलं, आणि दुरुस्तीचं कोटेशनही पुढे केलं.

किमतीचं बोलणं मात्र जड गेलं, हे लपवत नाही. एजंट असला की आकडे त्याच्या तोंडून येतात-जातात आणि दोन्हीकडच्यांचा संकोच वाचतो. त्याचं खरं काम तेच आहे, असं मला तेव्हा उमगलं. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. आमच्याच बिल्डिंगमध्ये आधीच्या दोन वर्षांत झालेल्या तीन विक्रींचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचे सरकारी उतारे, मी काढून आणले होते. त्यात रक्कम लिहिलेली असते. ते मधे ठेवले, म्हणजे मी सांगते म्हणून भाव, असं राहिलं नाही. आम्ही 80 म्हटलं, ते 75. भिंतीचा खर्च धरून 78 वर दोन्ही बाजू आल्या.

पुढचं भराभर झालं. घर त्यांनी सुनेच्या एकटीच्या नावावर घेतलं, बाईच्या नावावर घेतलं की सवलत असते, म्हणून पुण्यातल्या 7 टक्क्यांऐवजी 6 टक्के मुद्रांक शुल्क लागलं, त्यांचे 78 हजार वाचले. 50 लाख आणि त्यापुढच्या व्यवहारात घेणाऱ्यानं 1 टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावानं सरकारात भरायचा कर, किमतीतून कापायचा असतो. विकणाऱ्या आम्ही दोघी, म्हणून फॉर्मही दोन. हे विसरून एकीच्याच पॅनवर सगळा टीडीएस भरला जातो आणि मग दुसरी निस्तरत बसते, तेवढं बघा. डीडीचे नंबर खरेदीखतात लिहिलेले होते आणि निबंधक कार्यालयात बँकेचा माणूस डीडी घेऊन शेजारीच उभा होता. फोटो झाले, अंगठे झाले, दुपारी दीडला आम्ही बाहेर.

आता माझा अमेरिकेतला मावसभाऊ त्याचं पुण्यातलं घर काढतोय. त्याला मी एजंट घे असंच सांगितलंय. घर दाखवायला इथे कुणी नाही, आणि परदेशी राहणाऱ्याचा टीडीएस 1 टक्क्यावर भागत नाही, बराच जास्त कापला जातो. फक्त वकील तू स्वतः निवड, म्हटलं. एजंटनं आणलेला नको.