नोव्हेंबर आला की

१७ नोव्हेंबरला दरवर्षी मला कर्नल संतोष महाडिक आठवतात. २०१५ साली त्याच दिवशी काश्मीरमधल्या कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांशी लढताना ते गेले. ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते, म्हणजे मागे बसून ऑर्डर दिली असती तरी कोणी काही म्हणालं नसतं, पण ते स्वतः पुढे होते. सातारा जिल्ह्यातल्या पोगरवाडीचे, साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी, मग २१ पॅरा स्पेशल फोर्सेस. आधी २००३ मध्ये सेना मेडल मिळालेलं आणि गेल्यावर, २०१६ च्या प्रजासत्ताक दिनी, शौर्य चक्र जाहीर झालं.

पोगरवाडीतले अंत्यसंस्कार मी टीव्हीवर पाहिले होते. तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी, गर्दी, घोषणा, बंदुकांची मानवंदना. आणि त्या सगळ्यात त्यांच्या पत्नी स्वातीताई आणि दोन लहान मुलं. मी सारखी त्या मुलांकडेच बघत होते. घोषणा देणारी माणसं संध्याकाळपर्यंत आपापल्या घरी जाणार आणि यांच्या घरी आता काय, हेच डोक्यात चाललेलं.

स्वातीताईंनी तेव्हाच बोलून दाखवलं होतं की मी पण आर्मीत जाणार. दुःखात माणूस असं बोलतो, असं मला तेव्हा वाटलं होतं, खरं सांगते. पण त्या खरंच एसएसबी, म्हणजे लष्करी अधिकारी निवडायची परीक्षा, पास झाल्या, वयाची अट आड येत होती ती त्यांच्यासाठी शिथिल केली गेली, मुलांना बोर्डिंगमध्ये ठेवलं आणि चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत आपल्यापेक्षा कितीतरी लहान मुलींबरोबर अकरा महिने ट्रेनिंग केलं. ९ सप्टेंबर २०१७ ला लेफ्टनंट झाल्या. त्याच दिवशी तिथून निधी दुबेही ऑफिसर झाल्या, त्यांचे पती नाईक मुकेश दुबे लष्करात असतानाच वारले होते. पुढे २०२० मध्ये गौरी महाडिक. त्यांचे पती मेजर प्रसाद महाडिक अरुणाचलमध्ये सीमेवरच्या ठाण्याला लागलेल्या आगीत गेले होते.

या तिघींबद्दल मला किती आदर आहे ते शब्दात सांगता येणार नाही. पण त्यांच्या बातम्या शेअर करताना लोक जे लिहितात ना, "वीरपत्नी असावी तर अशी", ते वाचून मला त्रास होतो. कारण माझ्या ओळखीत एक काकू आहेत ज्या आर्मीत गेल्या नाहीत, कुठल्या स्टेजवर गेल्या नाहीत, त्यांनी फक्त घर चालवलं, सासू-सासऱ्यांचं शेवटपर्यंत केलं, मुलाला मोठं केलं. त्या कुठे कमी पडल्या?

काका हवालदार होते. ड्यूटीवर असताना गाडी दरीत गेली. गोळी लागून गेले नाहीत, त्यामुळे लोक काकूंना तोंडावर विचारायचे, "मग त्यांना शहीद म्हणायचं का?" आता यात गंमत म्हणजे "शहीद" हा शब्द सरकारी कागदावर नसतोच. तिथे असतं बॅटल कॅज्युअल्टी किंवा फिजिकल कॅज्युअल्टी. लढाईत गेला तर घरच्यांना लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराएवढी पूर्ण. ड्यूटीवरच्या अपघातात गेला तर स्पेशल फॅमिली पेन्शन, ती ६० टक्के. नियम आहे, त्यामागे विचारही असेल, त्यावर मी बोलत नाही. पण लग्नाला पाच वर्षं झालेल्या बाईला नवरा कुठल्या रकान्यात गेला हे समजून घ्यावं लागतं, तेही तेराव्याच्या आत, कारण कागद थांबत नाहीत.

आणि मग नोव्हेंबर. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे मी जिवंत आहे हे सिद्ध करायचं. काकूंना त्याबरोबर अजून एक सही करावी लागते, पुनर्विवाह केलेला नाही म्हणून. मी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर बँकेत गेले आहे. एका वर्षी अंगठ्याचा ठसा मशीनवर उमटेना, घरकामाने बोटं झिजलेली, चार वेळा पुसून लावला तरी नाही, आणि काउंटरवरचा मुलगा जोरात म्हणाला, "मॅडम, तुम्ही सिस्टीममध्ये जिवंत दिसत नाहीये." त्याच्या मनात काही नव्हतं. रांगेतले दोघं-तिघं हसले. मला इतका राग आला की डोळ्यात पाणी आलं. काकू मात्र शांतपणे पदराला बोट पुसत म्हणाल्या, "परत लावते, बाळा."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, काकू, दरवर्षी ती लग्नाची सही करताना वाईट नाही वाटत? त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "पहिली काही वर्षं वाटायचं. एकदा तर मनात आलं, करावं की लग्न, वय तरी काय होतं माझं. पण विचारलंच नाही गं कुणी. सगळे वीरपत्नी वीरपत्नी म्हणायचे, मग कोण विचारणार?"

हे ऐकल्यापासून तो शब्द मी जपून वापरते. टाकून दिला नाही, कारण त्यामागे लोकांची खरी माया असते, पण त्या शब्दाखाली एक सत्तावीस वर्षांची मुलगी होती आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिला एका रात्रीत देव्हाऱ्यात बसवून टाकलं, हे आता विसरता येत नाही.

काकांच्या आठवणी त्या फारशा सांगत नाहीत. सुट्टीवर आले की ट्रंक उघडायचे तेव्हा घरभर बूटपॉलिशचा वास यायचा, एवढं मात्र नेहमी सांगतात. ट्रंक अजून आहे, त्यावर पांढऱ्या अक्षरात नाव, नंबर, रँक. मुलाने एकदा रंग द्यायला काढली तर घेऊ दिली नाही.

गेल्या वर्षी फॉर्म मी भरत होते. मोबाइल नंबर विचारला तर काकू अडखळल्या, स्वतःचाच नंबर त्यांना कधी पाठ होत नाही, पिशवीतून चिठ्ठी काढायला लागल्या. मग मी खालचा रकाना वाचला, सर्व्हिस नंबर. चिठ्ठी शोधता शोधता, वर न बघता, एका दमात त्यांनी काकांचा अख्खा आर्मी नंबर सांगितला, शेवटच्या इंग्रजी अक्षरासकट, आणि त्यापुढे रँक आणि नाव, अगदी काका हजेरीला उभे राहून सांगत असतील तसं.