घूमजाव नक्की कुणाचं?

२३ नोव्हेंबर २०१९, शनिवार. सकाळी दारात पडलेल्या पेपरांत उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार, असे मोठाले मथळे होते आणि आठच्या सुमारास टीव्हीवर देवेंद्र फडणवीस राजभवनात शपथ घेताना दिसत होते. पाठोपाठ उपमुख्यमंत्री म्हणून अजित पवार. त्या दिवशी पेपरवाल्यांची फार टिंगल झाली आणि ती अन्यायाची होती. ठाकरेंच्या नावावर एकमत झाल्याचं आदल्या संध्याकाळी वरळीच्या नेहरू सेंटरमधल्या बैठकीनंतर खुद्द शरद पवारांनी सांगितलं होतं. जिल्ह्यांच्या आवृत्त्या रात्री लवकर सुटतात, शहराची मध्यरात्रीनंतर. राष्ट्रपती राजवट उठली पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी. तोवर अंकांचे गठ्ठे विक्रेत्यांपर्यंत पोचलेले होते.

मी वेब डेस्कवर, सकाळच्या पाळीला होते. डेस्कवर बातमी शोधावी लागत नाही, ती येत राहते. एजन्सीची, इंग्रजीत, तुकड्यातुकड्यांनी. ती मिनिटा-दोन मिनिटांत मराठीत लावायची. त्या सकाळी चॅनेलांवरून आणि कॉपीतून शब्दांची रांगच लागली: यू-टर्न, व्होल्ट-फास, ट्विस्ट, रिव्हर्सल, कू. घाईत पाहिलं तर सगळ्यांचा अर्थ एकच, काहीतरी अचानक फिरलं. पण यातला प्रत्येक शब्द कुणावर तरी बोट ठेवतो किंवा मुद्दाम ठेवत नाही, आणि आमच्या धंद्यात सगळी जोखीम तिथेच असते.

यू-टर्न म्हटलं की चाक कुणाच्या तरी हातात असतं. ब्रिटनमध्ये एडवर्ड हीथ यांच्या सरकारने १९७२ मध्ये आर्थिक धोरण फिरवलं, तेव्हापासून हा शब्द तिथल्या राजकारणात टोचायला वापरतात. १० ऑक्टोबर १९८० ला ब्रायटनच्या अधिवेशनात मार्गारेट थॅचर यांनी तोच शब्द पकडून, वळायचं तर तुम्ही वळा, मी वळणारी नव्हे, असं ठणकावलं होतं. व्होल्ट-फास इटालियनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्यात तोंड फिरवणारा माणूस समोर उभा राहतो. कू म्हणजे अचानक सत्ता बळकावणं; मूळ फ्रेंचमध्ये अर्थ घाव, आणि घाव घालणारा कुणीतरी असतोच. याउलट रिव्हर्सल ऑफ फॉर्च्यूनमध्ये दोषी कुणीच नाही, दैव फिरलं. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेतल्या अशा उलटापालटीला पेरिपेटिया म्हटलंय आणि दाखला दिलाय ग्रीक नाटकातल्या इडिपस राजाचा. निरोप्या येतो त्याची भीती घालवायला, आणि त्याच्याच बोलण्याने सगळं उलटं होतं.

मराठीतही ही विभागणी चोख आहे. घूमजाव, कोलांटउडी, पलटी यांना कर्ता लागतो. कलाटणी मिळते, वारं फिरतं, फासे उलटे पडतात, त्याला लागत नाही.

शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीने मथळा टाइप केला: ‘राष्ट्रवादीचे घूमजाव’. मी म्हटलं, “थांब गं. राष्ट्रवादीचं कशावरून?” शपथ एका माणसाने घेतली होती. त्याच्यामागे पक्ष आहे का, पुतण्याने काकांना विचारलंय का, हे त्या क्षणी आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मी मथळा केला: ‘फडणवीस मुख्यमंत्री, अजित पवार उपमुख्यमंत्री, राजभवनात शपथविधी’. वृत्तसंपादकांचा फोन आला. “अगं, हे काय सरकारी प्रसिद्धिपत्रक आहे का? बाकीच्यांनी भूकंप केव्हाच लावलाय.” मी म्हटलं, “सर, कोण फिरलं ते कळू दे, मग शब्द बदलते.” त्यांनी स्वतः लॉगिन करून ‘महाभूकंप’ टाकला.

भूकंपावर मला बोलायचंच आहे. नगरसेवकाने पक्ष बदलला तरी आम्ही भूकंप करतो. कुणाच्या तरी भाषणानंतर भूकंप, चार माणसं जेवायला एकत्र बसली तरी भूकंपाचे संकेत. एवढी झीज झाल्यावर खरोखर मोठं काही घडतं तेव्हा ‘महा’ जोडण्यापलीकडे हातात काही उरत नाही. आमच्याकडे औसा तालुक्यातला एक उपसंपादक आहे. किल्लारी त्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे त्याच्या आजोळची माणसं गेली. तो हा शब्द राजकारणाच्या मथळ्यात लिहीत नाही, आणि त्याच्यापुढे तसा आग्रह धरायची हिंमत वृत्तसंपादकांनाही होत नाही.

सकाळीच पुढे शरद पवारांचं ट्वीट आलं: हा निर्णय अजित पवारांचा वैयक्तिक आहे, पक्षाचा नाही. ‘राष्ट्रवादीचे घूमजाव’ गेला असता तर त्या क्षणाला तो खोटा ठरला असता. कित्येक साइटींवर तसलेच मथळे गुपचूप बदलले गेले. वाचकाला दिसत नाही, पण डेस्कवर बसणाऱ्याला एकमेकांच्या साइटी उघड्या ठेवायची सवय असते.

दुपारी यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये ठाकरे आणि पवार एकत्र पत्रकारांसमोर आले, आणि सगळ्यांनी ‘बंड’ हा शब्द उचलला. मंगळवारी, २६ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी पाचच्या आत बहुमत सिद्ध करायला सांगितलं. दुपारी अजित पवारांनी राजीनामा दिला, मग फडणवीसांनीही. २८ ला शिवाजी पार्कवर ठाकरेंचा शपथविधी झाला. कल्याणच्या एका आजोबांनी ऑफिसात फोन केला. “बाई, शनिवारी तुम्ही बंड छापलंत. बंडखोर चौथ्या दिवशी घरी येतो आणि कुणी जाब विचारत नाही. मग ते बंड होतं का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही अर्धंच आहे. २०२३ मध्ये फडणवीसांनी जाहीरपणे सांगितलं की या सगळ्याची शरद पवारांना कल्पना होती, आणि पवारांनी ते फेटाळलं. म्हणजे त्या दिवशी कोण फिरलं होतं, याबद्दल त्यात असलेल्यांचंच एकमत नाही.

लोकांनी मात्र त्याला ‘पहाटेचा शपथविधी’ म्हटलं आणि आता सगळे तेच म्हणतात. घड्याळाप्रमाणे चूक, शपथविधी काही पहाटे झाला नव्हता. पण त्यात कुणावर आरोप नाही, आणि कशाबद्दल बोलतोय हे शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या अख्ख्या डेस्कला असा शब्द सुचला नव्हता.

२ जुलै २०२३ च्या रविवारी अजित पवारांनी एकनाथ शिंदे यांच्या सरकारात उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, तेव्हा मी पुन्हा पाळीवर होते आणि पुन्हा तसाच मथळा समोर आला: ‘राष्ट्रवादी सत्तेत’. या वेळी पक्षावर दोघांचाही दावा होता. निवडणूक आयोगाने नाव आणि घड्याळ अजित पवारांकडे दिलं ते ६ फेब्रुवारी २०२४ ला. तोवर मी प्रत्येक मथळ्यात ‘अजित पवार गट’ नाहीतर ‘शरद पवार गट’ लिहीत राहिले. मोबाइलवर मथळा दोन ओळींवरून तिसरीवर जायचा आणि वृत्तसंपादक वैतागायचे. मी तो शब्द काढला नाही.