सहा मिलिमीटरची फौज आणि काळी माती

दोन मिलिमीटरचं गवत एरवी कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण टेबलावर जुन्या लढाया खेळायच्या युद्धखेळातल्या ६ मिलिमीटर उंचीच्या धातूच्या शिपायाशेजारी ते चिकटवलं की त्याच्या गुडघ्याच्या वर जातं. ६ मिलिमीटर म्हणजे साधारण १:३०० चं प्रमाण. त्यात दोन मिलिमीटरचे साठ सेंटीमीटर होतात. चार मिलिमीटरचं लावलं तर चार फूट, आणि अख्खी पलटण छातीपर्यंत बुडते. वाळूचंही तेच. एक मिलिमीटरचा खडा म्हणजे फूटभराचा धोंडा, आणि अशा धोंड्यांवरून रांग न मोडता चालणारी पलटण जगात कुणाकडे नव्हती.

दिवाळीच्या किल्ल्यावर हे सगळं माफ असतं. तिथे महाराज बुरुजाहून उंच, मावळा दरवाजात मावत नाही, अळिवाचं रान तोफेच्या डोक्यावरून जातं, तरी किल्ला झकास दिसतो. युद्धखेळाच्या टेबलावर मात्र प्रमाण चुकलं की डोळा तिथेच अडतो.

२८ मिलिमीटरच्या शिपायाला डोळे, बटणं, मिशा सगळं रंगवता येतं आणि लोक रंगवतातही. ६ मिलिमीटरमध्ये तोच हट्ट धरणारे सातआठ शिपायांनंतर ब्रश ठेवून देतात. मला विचाराल तर या मापात शिपाई रंगवायचाच नसतो. रंगवायचा असतो तो तीन फुटांवरून दिसणारा जमाव आणि त्याच्या पायाखालची जमीन. ६० बाय ३० मिलिमीटरचा बेस, म्हणजे शिपाई चिकटवायची चपटी पाटी, घ्या. या मापाचे शिपाई बहुधा चारचारच्या पट्टीत ओतलेले येतात. पट्टी साधारण २० मिलिमीटर रुंद आणि पाचेक मिलिमीटर खोल. तीन पट्ट्यांची एक रांग, अशा दोन रांगा, म्हणजे एका बेसवर २४ शिपाई. त्यांनी व्यापलेली जागा सहा चौरस सेंटीमीटर, बेस अठराचा. दोन तृतीयांश फौज ही जमीनच असते.

म्हणून आधी लढाई ठरवावी आणि तिच्याबरोबर महिना. आपल्या जवळची म्हणून असईची घेऊ. २३ सप्टेंबर १८०३, जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात. एकीकडे दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांची फौज, त्यातल्या कवायती कंपूंवर, म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या पलटणींवर, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा अँथनी पोलमन. दुसरीकडे इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. रंगवणाऱ्याच्या दृष्टीने ही लढाई सोयीची आहे, कारण इंग्रजांची बाजू आटोपशीर आहे. स्कॉटिश हायलँडर्सच्या ७४ आणि ७८ क्रमांकाच्या दोन पलटणी, मद्रासच्या देशी पलटणी, १९ वी लाइट ड्रॅगून्स ही गोऱ्या घोडेस्वारांची रेजिमेंट आणि मद्रासच्या देशी रिसाल्याच्या तीन रेजिमेंटी. समोरच्या बाजूला मात्र शंभराच्या आसपास तोफा आणि मोजता येणार नाही इतकी घोडदळं, तेव्हा ती बाजू रंगवायला घेण्यापूर्वी घरच्यांशी बोलून घ्यावं.

हिंदुस्थानातली लढाई म्हटली की बरेच जण, विशेषतः परदेशातले, बेसवर पिवळी वाळू ओततात आणि दोन सुकी झुडपं लावतात. सप्टेंबरचा शेवट हा मराठवाड्यात पावसाळ्याचा शेवट. जमीन काळी, ओल धरलेली, बांध हिरवेगार, नदीला पाणी. त्या बेसवर वाळवंट दिसलं तर पुढचं रंगकाम कितीही सुबक असो, लढाई असईची राहत नाही.

काळी माती काळ्या रंगाने मात्र रंगवू नये. नुसता काळा मारला तर डांबरी रस्ता दिसतो. एक भाग काळा आणि दोन भाग गडद तपकिरी हे मिश्रण चांगलं बसतं. ते पूर्ण वाळलं की कोमट राखाडी रंगात जुना, पसरट ब्रश बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि खडबडीत पृष्ठभागावरून हलक्या हाताने फिरवायचा. उंचवटे उजळतात, खाचा गडद राहतात. त्यावर हिरव्यासाठी स्टॅटिक ग्रास, म्हणजे विजेच्या भाराने उभे राहणारे कृत्रिम गवताचे तंतू, नकोच. सुरुवातीचा हिशेब आहेच, शिवाय दमट हवेत त्याचे तंतू उभे राहायचे सोडून आडवे पडतात. बारीक भुशासारखं फ्लॉक वापरावं, तेही दोन छटांचं: एक मळकट हिरवं, एक पिवळसर. साधारण निम्मी माती उघडी ठेवावी. सगळा बेस हिरवा केला की फुटबॉलचं मैदान होतं.

शिपायांकडे वळू. ओतकामाच्या कडांना राहिलेले पातळ पापुद्रे पातीने काढावेत आणि पट्ट्या भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात धुवाव्यात. साच्याची पावडर राहिली तर रंग सालीसारखा सुटतो. जुन्या मिश्रधातूत शिसं असतं, म्हणून काम करताना खाणं नको आणि उठल्यावर हात धुवायचे. मग आइस्क्रीमच्या काडीवर फेव्हिकॉलच्या थेंबाने पट्ट्या चिकटवाव्यात, दोन पट्ट्यांत एका पट्टीइतकं अंतर ठेवून. अंतर नसेल तर मागच्या बाजूला ब्रश पोहोचत नाही, आणि टेबलावर खेळणाऱ्याला स्वतःच्या फौजेची पाठच दिसते. पाठीवर कंजुषी करणाऱ्यांना हे उशिरा कळतं.

प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, काळा असावा. या मापात वेगळी सावली द्यायची गरज नसते. दोन शिपायांमधली, हात आणि धड यांमधली फट काळी राहिली की तीच सावली. रंग उंच भागांवर ठेवायचा, फटीत जाऊ द्यायचा नाही. त्यासाठी तो नेहमीच्या दुधासारख्या पातळपणापेक्षा किंचित दाट हवा.

लाल कोट हा खरा छळ आहे. लाल रंग काळ्याला झाकत नाही. तीन हात मारले तरी वाळलेल्या रक्तासारखा दिसतो. आधी विटकरी तपकिरीचा एक हात द्यावा, मग लाल. आणि लाल निवडताना दुकानात जो भडक वाटतो तोच घ्यावा. इतक्या लहान पृष्ठभागावरून प्रकाश कमी परततो, म्हणून प्रत्येक रंग प्रत्यक्षाहून एक छटा उजळ लागतो. गणवेशाच्या पुस्तकातला गडद निळा जसाच्या तसा लावला तर तो काळाच दिसतो. मद्रासच्या शिपायाला लाल कोटाखाली आखूड पांढरी चड्डी आणि उघडे पाय, तेव्हा पाय आधी कातडीच्या रंगाने उरकावेत, चड्डी नंतर. चेहऱ्याचा तपकिरीही उजळच हवा, नाहीतर गडद पागोट्याखाली चेहरा नाहीसा होतो. डोळे नाहीत, तोंड नाही. एक ठिपका बास. छातीवरचे आडवे-तिडवे पट्टे मात्र सोडू नयेत. शुद्ध पांढरा, एक तिरकी रेघ, दुसरी तिरकी रेघ. तीन फुटांवरून पलटण ओळखू येते ती या फुलीवरून. बंदुकीला एक तपकिरी रेघ, टोकाला चंदेरी टिंब, झालं.

या रेघांसाठी लोक तीन शून्यांचा ब्रश आणतात. त्याच्या पोटात रंग इतका थोडा मावतो की टोक शिपायापर्यंत पोहोचेतो वाळतं. शून्य किंवा एक नंबरचा, अणकुचीदार टोकाचा, सेबल केसांचा ब्रश बरा. सिंथेटिक ब्रशाचं टोक थोड्याच दिवसांत आकड्यासारखं वळतं. तो कोरड्या ब्रशिंगसाठी ठेवून द्यावा.

रंगवलेल्या पट्ट्या बेसवर चिकटवल्या की पट्टीच्या कडेची एक मिलिमीटरची पायरी दिसते. ती लपवली नाही तर शिपाई पाटावर बसवल्यासारखे दिसतात. दोन भाग भिंतीची पुट्टी, एक भाग फेव्हिकॉल, थोडा तपकिरी रंग आणि काही थेंब पाणी यांचा लगदा करून टूथपिकने रांगांमध्ये सारवायचा, ओल्या ब्रशने सपाट करायचा. एकदम जाड थर दिला की वाळताना आकसून भेगा पडतात. दोन पातळ थर द्यावेत. तो ओला असतानाच मैद्याच्या चाळणीतून गेलेली वाळू भुरभुरायची. समुद्रावरची वाळू आणली असेल तर आधी दोनतीन पाण्यांनी धुवावी, नाहीतर मीठ फुलतं. बूट थोडे मातीने माखले तर पुसू नयेत. सप्टेंबर आहे.

बेस वाकणं ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. कारण सोपं आहे: वरच्या बाजूला पाण्याचा गोंद आणि लगदा, तो वाळताना आकसतो आणि बेसच्या पातळ एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीच्या) कडा वर ओढतो. दोन मिलिमीटरऐवजी तीनचा एमडीएफ घ्यावा, किंवा खालच्या बाजूलाही पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा हात मारावा म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते. खाली चुंबकाचा कागद लावायचा तो बेस पूर्ण वाळल्यावर. मग पत्र्याच्या डब्यात फौज उलटीपालटी होत नाही.

आता या मापातली सगळ्यात मजेची गडबड. दोन रांगांत उभी ६०० माणसांची पलटण म्हणजे एका रांगेत ३००. माणशी ५५ सेंटीमीटर धरले तर १६५ मीटर लांब. तीच आपण ६० मिलिमीटरच्या बेसवर बसवली. म्हणजे शिपाई १:३०० चे आणि जमीन १:२७५० ची. एकाच टेबलावर उंचीचं प्रमाण वेगळं, अंतराचं वेगळं, आणि दोन्ही खरी. याचे परिणाम पुढे सगळीकडे भोगावे लागतात. ३० मीटरचं नदीपात्र ११ मिलिमीटरचं होतं, म्हणजे शिपाई झोपला तर त्याच्या दुप्पट. २०० मीटर पसरलेल्या गावाला सातेक सेंटीमीटर जागा मिळते, त्यात शिपायांच्या मापाची तीनचार घरंच मावतात. तेव्हा असई म्हणून तीन धाब्याची घरं आणि मातीचा तट एवढंच ठेवावं. घरं थोडी खुजी केली तर आणखी एक मावतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. गावाला निवडुंगाचं कुंपण हवं असेल तर भांड्यांची हिरवी घासणी सात मिलिमीटर उंचीच्या पट्ट्यांत कापावी, कडा चिमटीने उसकटाव्यात. ज्वारीसाठी काथ्याचं पायपुसणं. ज्वारी माणसापेक्षा उंच वाढते, म्हणून तेही सात मिलिमीटरला कापायचं; त्यामागे पलटण दिसेनाशी होते, आणि तसंच व्हायला हवं.

नदीत उतार, म्हणजे पायी पार होण्याजोगी उथळ जागा, दाखवायला विसरू नये, या लढाईत तर नाहीच. केळणेच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, तेव्हा मध्ये उतार असणारच, हे वेलस्लीने ताडलं आणि फौज तिथून पार नेली. टेबलावर तेवढ्या जागी पाण्याचा रंग फिका करावा आणि काठावर गाड्यांच्या दोन चाकोऱ्या ओढाव्यात. बाकी पात्र गडद तपकिरी-हिरवं. पावसाळ्यातल्या नदीला निळा रंग देणाऱ्यांना काय म्हणावं!

मराठ्यांचं घोडदळ रंगवताना आतापर्यंतची शिस्त विसरावी. नेमक्या या फौजेचे घोडेस्वार सहज मिळत नाहीत, पण या मापात नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेचे मामलूक किंवा पागोटं घातलेले इतर स्वार चालून जातात. एका बेसवर नऊदहाऐवजी सहासात, पट्टी कापून सुटे, प्रत्येकाचं तोंड थोडं वेगळीकडे. घोडे चार रंगांचे मिसळून. अंगरखे बहुतेक पांढरे, मधूनच एखादा केशरी, हिरवा. सगळ्यांना वेगवेगळे भडक रंग दिले तर तीन फुटांवरून नुसती रांगोळी दिसते.

निशाणाची ओतीव काठी दोनदा वाकली की तुटते. ती आधीच कापून अर्ध्या मिलिमीटरची तार बसवावी. कागदी निशाण फेव्हिकॉल लावून तारेवर दुमडायचं आणि ओलं असतानाच बोटांनी लाट द्यायची. कापलेली पांढरी कड रंगाने झाकायची. निशाण मापापेक्षा दीडपट मोठं ठेवावं. इथे प्रमाण मोडलेलं चालतं, कारण खेळणारा पलटण शोधतो ती निशाणावरूनच.

रंगकामातलं शेवटचं काम व्हार्निशचं, पण फ्लॉक लावण्याच्या आधी. स्प्रे मारायचा तर कोरड्या दिवशी. पावसाळ्यात द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि लाल कोटांवर पांढरं धुकं येतं. जुलै-ऑगस्टमध्ये ब्रशने लावायचं पाण्याचं मॅट (बिनचमकीचं) व्हार्निश वापरावं, आणि बाटली भरपूर हलवावी. चमक घालवणारी पावडर तळाशी बसते, ती न मिसळता लावली की ठिपके उठतात. धुकं आलंच तर घाबरून खरवडू नये. कोरड्या हवेत ग्लॉसचा, म्हणजे चकचकीत व्हार्निशचा, एक हात दिला तर बहुधा उतरतं, मग पुन्हा मॅट. नदीकाठच्या बेसवर एकदोन ठिकाणी ग्लॉस तसंच ठेवलं तर चिखल ओला दिसतो.

बेसच्या कडा टेबलावरच्या चटईच्या रंगात रंगवाव्यात, आणि मागच्या कडेला पलटणीचं नाव छापून चिकटवावं. अक्षर सहा पॉइंटपेक्षा लहान नको, कारण हा छंद करणाऱ्यांपैकी पुष्कळांना आता चष्मा लागलेला आहे.